रूळ लहान, ऊन पूर्ण मापाचं

बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला रेल्वेचा तुटवडा नाही. लालबागच्या स्टेशनावरून भुसावळ-खंडवा मुख्य लाइनच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. पण घरामागच्या मोकळ्या जागेत मी जी रेल्वे उभी केली आहे ती ही नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला तुकईथडवरून जाणारी, मेळघाटात शिरणारी, धुळघाटच्या वेढ्यावरून वळून अकोट-अकोल्याला पोचणारी मीटर गेजची लाइन मला हवी होती. जयपूरहून दक्षिणेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस एके काळी याच रुळांवरून धावायची. गेज बदलायचं म्हणून २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खंडवा गाड्या थांबल्या, आणि मेळघाटातल्या त्या घाटात पुन्हा गाडी चढली नाही.

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याकडे पुण्याचं नाव निघतं. भाऊसाहेब जोशींनी कोथरूडला १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी पाहिलं आहे. तिथलं माप १:८७, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, आणि सगळा पसारा एका छताखाली. मी बोलतोय ते मोठ्या मापाबद्दल, ४५ मिलिमीटरच्या रुळांबद्दल, जे उघड्यावर मांडायचे असतात. लांबीत हे माप पुण्याच्या जवळजवळ चौपट आहे. म्हणजे डब्याचं वजन हिशेबाने अठ्ठावन्नपट होतं, आणि छत तर नाहीच. इंजिन साडेबावीस पटींनी लहान करता येतं; मे महिन्याचं ऊन, जुलैचा पाऊस आणि तापीकाठची माती लहान करता येत नाही. या छंदातल्या जवळपास सगळ्या अडचणी इथूनच निघतात. जे करू पाहत आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

१. आधी कोणती रेल्वे ते ठरवा, मग माप, मग खरेदी

बहुतेक जण उलटं करतात. एखादं परदेशी इंजिन हाती लागतं आणि मग त्याच्याभोवती भारत उभा करायचा प्रयत्न होतो. ४५ मिलिमीटरचे रूळ बाजारात लोकप्रिय केले ते जर्मनीच्या एलजीबीने, १९६८ पासून. त्यांना युरोपातल्या डोंगरी मीटर गेज गाड्या करायच्या होत्या, म्हणून त्यांनी १:२२.५ हे माप धरलं. आपल्याला हे चांगलंच लाभतं, कारण आपली मीटर गेजही तीच, १००० मिलिमीटर. भागून पाहा, ४४.४ येतात. वाफेचं वायपी इंजिन असो की नंतरचं वायडीएम-४ डिझेल, या रुळांवर ते अंगाला बेतलेलं बसतं.

ब्रॉड गेजचं तसं नाही. १६७६ मिलिमीटरला याच मापात साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचे रूळ लागतील, आणि ते कोणी विकत नाही. ४५ च्या रुळांवरच ब्रॉड गेज हवी असेल तर माप १:३७ धरावं लागतं. मग माणसं, घरं, सिग्नल, सगळं त्या मापात स्वतः घडवायचं. वऱ्हाडातल्या मित्रांना तिकडच्या शकुंतला या छोट्या रेल्वेचा मोह असतो. तिचा गेज ७६२ मिलिमीटर. तिला ३२ मिलिमीटरचे रूळ घेतले तर माप १:२४ च्या आसपास येतं आणि डबे आटोपशीर राहतात. माथेरानची गाडी दोन फुटी. ती ४५ वर घेतली तर १:१३.५ होते, इंजिन हातात धरण्याजोगं मोठं दिसतं आणि गोलाई तरीही लहान चालते, कारण मूळ गाडीच अवघड वळणांची. जागा थोडी असेल त्यांनी माथेरान करावं असं माझं ठाम मत आहे.

२. जागा लांबीने मोजू नका, वळणाने मोजा

खऱ्या लाइनीवरचं ३०० मीटर त्रिज्येचं वळण १:२२.५ मध्ये तेरा मीटरहून मोठ्या त्रिज्येचं होतं. वर्तुळ पुरं करायचं तर सव्वीस मीटरहून रुंद अंगण हवं. ते कोणाकडे असतं? म्हणून प्रत्येक जण वळण आवळतो. प्रश्न किती आवळायचं एवढाच उरतो. बाजारात सगळ्यात लहान वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं मिळतं. त्यावर चार चाकी वाघिणी फिरतात. वायपी फिरत नाही, आणि फिरवलं तरी बघवत नाही. टेंडरसकट ते इंजिन मुळात १९ मीटरचं, मॉडेलमध्ये जवळपास ८५ सेंटिमीटर.

धुळघाटच्या वेढ्याचा हिशेब मी सविस्तर देतो, कारण तो कोणत्याही चढाला लागू पडतो. वेढ्यात गाडी स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जाते. खालच्या गाडीला डोकं न आपटता जाऊ द्यायचं तर वरच्या आणि खालच्या रुळांत, पुलाची जाडी धरून, २२ सेंटिमीटर अंतर हवं. चढ ४० ला १ ठेवला तर २२ सेंटिमीटर चढायला ८ मीटर ८० सेंटिमीटर रूळ लागतो. तेवढ्या परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या येते १ मीटर ४० सेंटिमीटर. चढ ३० ला १ केला तर १ मीटर ५ सेंटिमीटरमध्ये भागतं, पण डबे कमी लावावे लागतात, कारण वळणावरचं घर्षण चढात भर घालतं. आणि ६०० मिलिमीटरच्या वळणावर हाच वेढा बसवायचा हट्ट धरला तर चढ १७ ला १ होतो. माथेरानच्या घाटातही २० ला १ च्या पुढे जात नाहीत. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो. तो विटा आणायच्या आधी करायचा.

३. काळ्या मातीवर काही ठेवू नका

आमची माती केळीला उत्तम, रुळाला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एप्रिलमध्ये भेगांत हाताची बोटं जातात. परदेशी पुस्तकांत सांगतात, वीतभर चर खणा, खडी भरा, रूळ टाका. इथे तसं केलं तर एका पावसाळ्यात लाइन लाटांसारखी वरखाली होते. खऱ्या रेल्वेचे अभियंतेही काळ्या मातीवर थेट गिट्टी टाकत नाहीत. मध्ये निवडक मुरमाचा जाड थर देतात आणि त्याला ब्लँकेट म्हणतात. तेच इथे करायचं.

माझी पद्धत अशी. मुरूम लागेपर्यंत खणायचं, नाही लागला तर निदान दोन फूट. काढलेली माती पुन्हा त्याच चरात टाकायची नाही. ती बागेत द्यायची. चर मुरमाने भरायचा, पण एकदम नाही. चार-चार बोटांचा थर, पाणी, दुरमुस. पुन्हा थर, पाणी, दुरमुस. त्यावर विटांचा चौथरा, वर सिमेंट काँक्रीटची पट्टी, आणि त्या पट्टीत थोड्याथोड्या अंतरावर मुद्दाम सोडलेले सांधे, म्हणजे तडा जायचाच असेल तर तो आपण सांगितलेल्या जागी जातो. चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी. पाणी पायाशी साचलं की पुढचं सगळं वाया.

चौथरा गुडघ्याहून उंच, जमल्यास कमरेइतका ठेवा. खाली वाकून रूळ दुरुस्त करणं तरुणपणी जमतं. हा छंद तरुणपणापुरता नाही.

गिट्टीचं मापही सोडू नये. खऱ्या लाइनीवरचा मोठ्यात मोठा दगड ६५ मिलिमीटरचा. आपल्याकडे तो तीन मिलिमीटर होतो. क्रशरवरची चुरी तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची आणि मग बारीक चाळणीने तिच्यातली भुकटी उडवून द्यायची. भुकटी राहिली की पाणी निथळत नाही, आणि चिखल झाला की स्लीपर हलतात. खऱ्या रेल्वेतही गिट्टी चाळतात ती याच कारणासाठी. आणि कितीही केलं तरी पाऊस एखाद्या वर्षी जिंकतोच. माथेरानची लाइन २६ जुलै २००५ च्या पावसात वाहून गेली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, आणि तिथे तर हाताशी अख्खी मध्य रेल्वे होती.

४. रुळाला वाढायला जागा द्या

पितळ तापलं की पसरतं हे शाळेत शिकतो. अंगणात ते डोळ्यांनी दिसतं. जानेवारीच्या पहाटे रूळ १० अंशांवर असतो, मेच्या दुपारी उन्हात ६० च्या वर जातो. पन्नास अंशांच्या फरकाने दहा मीटर पितळी रूळ साडेनऊ मिलिमीटर वाढतो. लोखंडी पट्टीचा रूळ केला तर सहा. ही वाढ कुठेतरी जाणारच. तिला सांध्यात जागा दिली नाही तर ती वळणावर बाहेरच्या बाजूला फुगते.

दोन-दोन मीटरचे तुकडे घेतले असतील तर थंडीत टाकताना प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटर फट सोडायची. भर दुपारी टाकत असाल तर जवळजवळ भिडवायची. दोन तुकडे जोडणारी फिशप्लेट घट्ट आवळायची नाही, रूळ तिच्यात सरकला पाहिजे. आणि स्लीपर काँक्रीटला खिळ्यांनी ठोकायचे नाहीत. गिट्टीने त्यांना धरून ठेवायचं, एवढंच. नवा माणूस इथे हमखास घाबरतो. त्याला वाटतं, ठोकल्याशिवाय लाइन हलेल. हलू द्यावी, थोडी.

ऊन रुळावरच थांबत नाही. हल्ली थ्रीडी प्रिंटरने डबे, खिडक्या, सिग्नलचे हात छापता येतात आणि ही मोठीच सोय झाली आहे. पण त्यात सर्रास वापरतात ते पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतं. गडद रंगाचा डबा आमच्या उन्हात तासाभरात तेवढा तापतो आणि छत मधोमध बसतं. बाहेर राहायच्या वस्तूंसाठी एएसए वापरा. ते उष्णताही सोसतं आणि उन्हाने ठिसूळही होत नाही. एबीएसही चालतं, रंग दिला तर. पीएलए घरातल्या कपाटातल्या मॉडेलला ठीक.

५. वीज रुळांतून नको, इंजिनातून

परदेशात सहसा रुळांतूनच वीज देतात. त्यासाठी रूळ लखलखीत लागतात. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव आहे; हवेत कापसाचं तूस असतं, ते धुळीसह रुळावर बसतं आणि चाकांच्या आसांभोवती गुंडाळलं जातं. रोज सकाळी सगळी लाइन घासत बसायचं नसेल तर इंजिनात बॅटरी आणि हातात रेडिओचा रिमोट, हा मार्ग धरा. रूळ मग पितळेचेच हवेत असंही उरत नाही, आणि खर्च एकदम खाली येतो.

फक्त एक ध्यानात ठेवा. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. आमच्याकडे मेमध्ये सावलीतलं तापमानच तिथवर जातं. बॅटरी काढता येईल अशीच बसवा, घरात आणून पहाटे चार्ज करा आणि काळ्या रंगाच्या इंजिनात ती दुपारभर उन्हात ठेवू नका. आसांवरचं तूस काढायला शिंप्याची बारीक कात्री आणि चिमटा पुरतो. ते काम दर आठवड्याचं.

६. कस्टमची वाट बघण्यापेक्षा लेथवर जा

खेळणी आणि मापातली मॉडेल्स सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकात येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ ला ७० वर. वर जहाजाचं किंवा विमानाचं भाडं, वर जीएसटी. मोठ्या मापाची पेटी जडही असते. मध्यमवर्गीय माणसाने हा छंद आयातीवर उभा करायचं मनात आणलं तर पहिल्या इंजिनातच दमून जाईल.

पण आमच्या गावात यंत्रमाग आहेत, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे आहेत. दातेरी चक्र, आस, बुश, कप्पी हे त्यांचं रोजचं काम. वायपीचं मोठं चाक मुळात १३७२ मिलिमीटरचं. आपल्याला ६१ मिलिमीटर हवं. लेथवर बसलेल्या कारागिराला हे काहीच नाही. त्याला अडचण असते ती आपण नीट न सांगण्याची. "रेल्वेचं चाक करून दे" म्हटलं तर तो हसतो आणि बरोबरही आहे. मिलिमीटरमध्ये काढलेला कागद न्या, चाकाच्या कडेचा उतार वेगळा मोठा करून दाखवा, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, सुमारे ४० मिलिमीटर, तपासायला पत्र्याचा एक गेज कापून सोबत द्या. एका चाकाचा नमुना आधी करून घ्या, तो रुळावर फिरवून बघा, मग बाकीची सांगा. कारागिराला एकदा लाइन दाखवायला घरी बोलवा. आपण केलेलं चाक कशासाठी आहे हे ज्याने पाहिलं, तो पुढच्या वेळी आपल्याहून काटेकोर होतो. माझ्या इंजिनांत जे काही खरोखर चांगलं आहे ते या लोकांच्या हातचं आहे, आणि हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

स्लीपर सुताराकडच्या सागाच्या तुकड्यांतून निघतात. मीटर गेजचा लाकडी स्लीपर सुमारे १८० सेंटिमीटर लांब, २० रुंद, ११.५ जाड. आपला ८ सेंटिमीटर लांब, ९ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड. साग वाळवीला पुरून उरतो. हलकं लाकूड एक पावसाळा काढत नाही.

७. वजन खाली ठेवा

९० टनांचं इंजिन हिशेबाने आठ किलोचं होतं, पण छापील डबे त्यामानाने फारच हलके राहतात. हलका डबा वळणावर आत ओढला जातो आणि एप्रिलच्या वावटळीत आडवा होतो. तळाशी, चाकांच्या शक्य तितक्या जवळ लोखंडाची पट्टी बसवा. छताजवळ कधीही नको.

८. झाडंही मापात असतात

तीन मीटरची केळ या रुळाशेजारी ६७ मीटरची दिसते. मेळघाटातही असं झाड नाही. लाइन केळींपासून दूर न्या आणि तिच्या कडेला बारीक पानांची, छाटणी सोसणारी झाडं लावा; तुळस, मरवा, सब्जा आमच्या उन्हात टिकतात. छाटलेली तुळस तीस फुटी झाडाचा भास छान देते. वानरांवर मात्र मला उपाय सापडलेला नाही. ती येतात, सिग्नल वाकवतात, जातात. सिग्नल उपसून घरात नेता येतील असे करा.

९. चालक सगळेच होतात, लाइन बघणारा एखादाच

रविवारी गाडी चालवायला मुलं जमतात, त्यांचे मामा जमतात, गल्लीतले आजोबाही जमतात, आणि जमायलाच हवेत. पण गाडी सुरळीत धावते ती शनिवारी कोणीतरी लाइन पायाखाली घातल्यामुळे. आमच्या शेजारी भुसावळ मंडळातून कीमन म्हणून, म्हणजे पायी रूळ तपासणारे म्हणून, निवृत्त झालेले एक काका राहतात. पहिल्यांदा आले तेव्हा इंजिनाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रुळाशी डोळा लावून उकिडवे बसले आणि म्हणाले, "भाऊ, इथे पॅकिंग ढिलं आहे." बोट ठेवून दाखवलं. स्लीपरखाली खरंच पोकळी होती. त्यांनीच मला क्रम शिकवला: आधी गेज, मग दोन्ही रुळांची पातळी, मग दुरून डोळ्यांनी सरळपणा, आणि शेवटी सांधे. एक पत्र्याचा गेज, एक छोटी पाणसळ आणि एक लाकडी पट्टी, एवढ्या सामानावर सगळी लाइन तपासता येते.

मोठ्या मापात हे काम कधी संपत नाही, आणि ज्याला ते आवडत नाही त्याने घरातलं लहान माप घ्यावं. त्यातही कमीपणा काही नाही. मला ते आवडतं. मुलांनाही त्यातच ओढा. नुसता रिमोट दिलेलं मूल चार रविवारांत कंटाळतं. ज्या मुलाला एका वळणाची जबाबदारी दिली, ते त्या वळणावर गाडी घसरली की स्वतःच धावतं, पट्टी मागतं, खाली वाकून बघतं. वेगही त्यांना पहिल्यापासून शिकवा. ताशी ६० किलोमीटर या मापात सेकंदाला पाऊण मीटरहून किंचित कमी होतो, म्हणजे रमतगमत चालायचा वेग. मुलांनी गाडीसोबत चालायचं, धावायचं नाही. जिथे धावावं लागतं तिथे गाडी जोरात आहे.

१०. मूळ लाइन उभी आहे तोवर मोजून घ्या

बाकी सगळ्या अडचणींना पैसा, घाम किंवा वेळ लागू पडतो. या एकीला लागू पडत नाही. गेज बदलताना जुने फलाट तोडले जातात, दगडी पूल बाजूला पडतात, स्टेशनच्या इमारती ढासळतात, आणि मीटर गेजच्या छोट्या स्टेशनांचे नकाशे सामान्य माणसाच्या हाती सहसा लागत नाहीत. मेळघाटातला टप्पा व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि टाकूही नये. जिथे रीतसर जाता येतं तिथे एक मीटरची काठी घेऊन जा. काठीवर दहा-दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवा, ती भिंतीला टेकवून समोरून फोटो काढा. त्या एका फोटोवरून दार, खिडकी, छताचा उतार, सगळं पुढे घरी बसून मोजता येतं. काठी नसेल तर विटांचे थर मोजा.

ज्या इमारती आता नाहीत त्यांच्यासाठी लोकांकडे जावं लागतं. तुकईथड, डाबका, धुळघाट, अकोट या बाजूला ज्यांचं सासर-माहेर आहे, ज्यांचे वडील-काका या लाइनीवर नोकरीला होते, त्यांच्या ट्रंकेत जुने फोटो असतात. रेल्वेचा फोटो नाही म्हणून लोक ते दाखवत नाहीत. दाखवायला सांगा. फलाटावर उतरलेल्या वऱ्हाडाचा फोटो असला तरी चालतो. नवरदेवाच्या मागे स्टेशनचा खांब किंवा पाटी दिसली, की माणसाच्या उंचीवरून तिचं माप काढता येतं.